कोरं गाव

चपलेचा पट्टा लावता लावता नवरा म्हणाला, "आज संध्याकाळी उशीर होईल. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. दवाखाना बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे, नंबर लावून बसावं लागतं, आणि आत फोन बंद ठेवायला सांगतात." एवढं बोलून तो दुसऱ्या पायाकडे वळला. तिनं काहीच विचारलं नव्हतं. ती ओट्यापाशी उभी राहून कालची भांडी जागच्या जागी लावत होती. तिच्या हातातली ताटली क्षणभर तशीच अधांतरी राहिली. दार लागलं, जिन्यावरून पावलं उतरून गेली आणि मग तिनं ताटली मांडणीत ठेवली. घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचं तिचं काम. त्यात नव्यानं लागलेल्या पोरांना ती पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगायची. उत्तर अडखळत आलं तर लिहून घ्या, चटकन आलं तरी लिहून घ्या. पण विचारायच्या आधीच आलं तर हात थांबवा आणि इकडेतिकडे बघा, त्या घरात तुमच्याआधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं. मग तिच्या घरात कोण येऊन गेलं होतं? परवाच यानं कडक टोस्ट दोन्हीकडच्या दाढांनी कडाकडा चावून खाल्ला होता. ज्याचा दात दुखतो तो टोस्ट चहात बुडवतो. आणि बँकेचा वरचा मजला कशाला सांगायचा? फोनचं कशाला? खोट्या गोष्टीला माणूस नेहमी जास्त खुंट्या ठोकतो. खऱ्या गोष्टीला एकच पुरते, आणि कधी तीही नसते.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, तरी बाहेर काय चाललंय ते तिला दिसलं नाही. बँकेच्या वर दवाखाना आहे का, हे आठवायचा प्रयत्न ती करत राहिली. त्या रस्त्यानं ती हजारदा गेली असेल, पण वर मान करून कधी पाहिलं नव्हतं. वरच्या मजल्यावर काहीतरी पाटी होती एवढं खरं. पाटी पांढरी होती. पांढरी पाटी वकिलाचीही असते.

ऑफिसात पोचली तेव्हा साहेब तिच्याच टेबलापाशी उभे होते, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. तिची संस्था शेतीवर संशोधन करायची. ऋतूंचा भरवसा उरला नाही, तेव्हा वावरात काय बदलावं, हा संस्थेचा विषय. काही गावांत संस्थेची माणसं जाऊन शिकवायची: कापणीनंतर उरलेलं काड जाळू नका, वावरात पसरून ठेवा, आभाळाकडे बघून पेरू नका, माती वीतभर उकरा, ओल लागली तर पेरा, सगळं वावर एका पिकाच्या भरवशावर टाकू नका, मधून मधून कडधान्याची ओळ घ्या. आणि काही गावांना मुद्दाम काहीच शिकवायचं नाही. तिथं दर हंगामात नुसतं जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं घ्यायची आणि मुकाट परत यायचं. त्यांना ऑफिसात कोरी गावं म्हणत. शिकवलेल्या गावात आणि कोऱ्या गावात जो फरक दिसेल तेवढं संस्थेचं यश. हा फरक मोजायचं काम तिचं. ती शिकवत नसे, बी देत नसे, सल्ला देत नसे. ती फक्त विचारायची, आणि आपले हात स्वच्छ आहेत याचा तिला मनातून फार अभिमान होता.

यंदा एका कोऱ्या गावात फरक उरलाच नव्हता. शिकवलेल्या गावाच्या खांद्याला खांदा लावून ते उभं होतं. सगळ्यांच्या काडाला आगी लागल्या आणि यांनी काड जपलं, सगळ्यांनी घाईनं पेरून दुबार पेरणी ओढवून घेतली आणि हे ओल येईतो थांबले. जणू कुणी कानात येऊन सांगितलं. साहेबांनी एकच शब्द वापरला: गळती. आपल्यातल्याच कुणीतरी तिथं जाऊन शिकवलं. पैसे देणारे पाहुणे परवा येणार होते. त्यांच्यापुढे आकड्यांच्या आधी माणूस ठेवावा लागेल, असं साहेब म्हणाले. म्हणजे कुणाला तरी काढावं लागेल. नाव त्यांनी घेतलं नाही. ते काम पाण्याची बाटली भरता भरता हिशेबनीस बाईंनी केलं. त्या म्हणाल्या, बगळ्याची सख्खी बहीण त्याच गावात दिलीय म्हणे. 'म्हणे' हा त्यांचा लाडका शब्द. त्याच्या आडून त्या वाटेल तिथं दगड मारत.

बगळा म्हणजे त्या भागातला त्यांचा क्षेत्र-सहायक. उंच, लांब मानेचा, आणि वावरात उभा राहिला की एक पाय दुसऱ्याच्या घोट्यावर टेकवायचा, म्हणून हे नाव. तो शिकवणाऱ्यांतला, तिच्या हाताखालचा नव्हे. पण त्या वाटेला जीप तोच चालवायचा. बहिणीचं ऐकलं आणि तिच्या मनात कुलूप उघडल्यासारखा खट्ट आवाज झाला. इतक्या वर्षांत हा एकदाही बोलला नव्हता. तिनं साहेबांना सांगितलं, आज जाऊन येते आणि संध्याकाळपर्यंत सांगते. साहेब म्हणाले, "सांगायचं काय त्यात? फक्त तुमच्या तोंडून आलं की झालं."

बगळ्यानं जीप शहराबाहेर काढली. गोदामं संपली, विटांच्या भट्ट्या संपल्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना जळकी वावरं लागली. काळी धसकटं, त्यांच्यावर राखेचा पापुद्रा. मग त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, त्या गावात माझी बहीण दिलीय. तुम्हाला ठाऊक असेलच." हेही न विचारता! एकाच दिवसात दुसऱ्यांदा. तिनं नुसतं हं केलं. त्याचे हात चाकावर शांत होते, आणि तिला त्याच शांतपणाचा संशय आला. ज्याच्या पोटात काही नाही त्याचे हात अशा वेळी थोडे तरी हलतात. मग वाटलं, हलले असते तर मी त्याचाही संशय घेतला असता. हे वाटणं तिनं बाजूला सारलं. धंद्यात असल्या विचारांना थारा देऊन चालत नाही.

ती ज्या आत्याकडे वाढली तिच्या घरी साखरेचा डबा वरच्या फळीवर असे. आत्या डब्यातली साखर चमच्यानं सपाट करायची आणि तिच्यावर बोटानं एक रेघ ओढून झाकण लावायची. कुणी हात घातला तर रेघ मोडेल. आत्याला वाटे, पोरीला हे माहीत नाही. पोरगी एकदा आतेभावाचा पतंग शोधायला स्टुलावर चढली, झाकण उघडलं आणि तिला रेघ दिसली. त्याआधी तिनं कधी साखर चोरली नव्हती. साखर चोरण्यासारखी असते हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती रेघ पाहिल्यावर आलं. मग ती चिमूट चिमूट खायची, चमच्यानं सपाट करायची आणि आत्यासारखीच रेघ ओढून ठेवायची, शेवटाला जरा डावीकडे वळणारी. आत्या समाधानी होती. आळीत ती सांगत असे, आमची पोरगी परक्याची असून सोन्यासारखी आहे. जळक्या वावरांकडे बघताना ही आठवण आज का वर आली ते तिला कळेना. तिनं पर्स उघडून फोन पाहिला. नवऱ्याचा काही निरोप नव्हता. नसणारच, आत फोन बंद ठेवायला सांगतात.

गावाच्या अलीकडे, जिथं ओढ्यावरचा पूल लागतो, तिथं बगळ्यानं जीप थांबवली. म्हणाला, मी पुढं येत नाही, कधीच येत नाही, इथंच बसतो. का, असं तिनं विचारलं. त्यावर तो पहिल्यांदा जरा हसला. "माझ्या पायांना शिकवलेल्या गावांची माती असते, ताई. कोऱ्या गावात कशाला न्यायची?" उत्तर गोड होतं. फार गोड. ती चालत निघाली आणि पुलावरून मागे वळून पाहिलं, तर तो जीपला टेकून एका पायावर उभा होता.

बगळ्याची बहीण म्हणजे ओळखीचीच बाई निघाली. दारात कढीलिंबाचं झाड असलेलं घर. दर हंगामात ती स्वतः याच घरी प्रश्न विचारायला यायची. नाक आणि मान भावाची, आणि तेच इतकी वर्षं आपल्याला दिसलं नाही याची तिला लाज वाटली. बहीण धान्य पाखडत होती. शेजारची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती त्या दोघींजवळ जाऊन बसली, पाणी प्यायली, आणि बहिणीकडून सुरुवात न करता म्हातारीला म्हणाली, यंदा काड जाळलं नाही म्हणे. 'म्हणे' तोंडातून गेलं आणि तिला हिशेबनीस बाई आठवल्या. म्हातारी म्हणाली, कोण जाळतंय आता. ते वावरात पसरलंय, ये दाखवते. ती म्हातारीमागून गेली, बहीणही सूप ठेवून आली. काड खरंच पसरलेलं होतं. तिनं ते बाजूला करून मातीत बोटं घातली. खाली ओल होती, गार, एखाद्या झोपलेल्या लेकराच्या मानेसारखी. म्हणजे हे नुसतं बोलणं नव्हे. बोटं तशीच मातीत ठेवून तिनं मान वर केली आणि मुख्य प्रश्न टाकला. हे तुम्हाला शिकवलं कुणी?

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. हेच ते, तिला वाटलं. आता ठरवताहेत काय सांगायचं.

"आता तुम्हीच असं विचारल्यावर काय बोलायचं?" बहीण म्हणाली. "तुम्हीच नाही का शिकवलंत?"

"मी? मी कधी शिकवलं?"

"दर साली येता आणि विचारता. कापणीनंतर काड काय करता? पहिल्या साली मी म्हटलं, जाळतो. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या साली आलात, पुन्हा तेच. मी घरात मालकांना म्हटलं, ही बाई शहरातून एवढं पेट्रोल जाळून येते आणि आपल्या काडाचं विचारते. त्यात काही असल्याबिगर विचारील का? तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा तर खात्रीच झाली. सासू तीनदा विचारते, दूध झाकलंस का, तेव्हा तिला उत्तर नको असतं हो."

म्हातारी दात नसलेल्या तोंडानं हसली. मग तिनं पदर सावरला, पाठ ताठ केली, मांडीवर हात असा धरला की त्यात जणू टॅब्लेट आहे, आणि शहरी आवाज काढून म्हणाली, "पेरणी कधी करता? पहिल्या सरीला, शेजाऱ्यानं केली की, तारीख बघून..." इथं म्हातारी थांबली, तिनं छाती भरून श्वास घेतला, "...की वीतभर ओल बघून?" बहीण हसू आवरत सांगायला लागली की गावात आता सगळ्यांनाच ठाऊक आहे, ताई चार पर्याय वाचतात, आणि ज्याच्याआधी श्वास घेतात तो खरा. पोरंसुद्धा हा खेळ खेळतात. एकजण ताई होतो आणि बाकीचे श्वास ओळखतात.

ती वावरात उकिडवी बसून राहिली. आपला श्वास आत्ता चालू आहे हे तिला अचानक जाणवलं आणि मग तो धड घेताच येईना. सवयीनं मन पळवाट शोधत होतं. हे पढवलेलंही असेल. बगळ्यानंच शिकवलं असेल, असं सांगा म्हणून. ती उठली, त्या दोघींना मागे ठेवून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथं दोर वळत बसलेल्या एका माणसाला तेच विचारलं. त्यानं मानही वर केली नाही. म्हणाला, तुमच्याच कृपेनं. पुढच्या घरात एका सुनेला विचारलं, तर ती लाजून म्हणाली, बरोबर करतोय ना आम्ही? कधी सांगतच नाही तुम्ही. सगळ्या गावानं मिळून पाठ केलेलं उत्तर असं नसतं. त्याला वेगवेगळे शब्द नसतात, त्यात लाजणं नसतं.

परत फिरताना बहीण तिला पुलापर्यंत सोडायला आली. म्हणजे पुलाच्या अलीकडेपर्यंत. पलीकडे जीप दिसत होती. बहीण तिकडे न बघता बोलली, "भावाला एक विचारा माझ्यावतीनं. तुमचं हे काम संपणार कधी? मामंजी गेले तेव्हा हा तिथून, त्या बाभळीपासून हात जोडून परत गेला. घरी आला नाही. सासरच्यांनी मला काय काय ऐकवलं, ते माझं मला माहीत. म्हणतो, आलो तर गाव बिघडेल. अहो, मी मेले तरी पुलावरूनच बघणार का हा?"

पुलावरून चालताना खाली पाणी नव्हतं, गोटे होते. कोरं ठेवायला म्हणून ह्या माणसानं स्वतःची बहीण पलीकडे ठेवली होती, आणि गाव बिघडवलं होतं तिनं, ज्या बाईनं कधी कुणाला काही दिलं नव्हतं. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, बहीण विचारत होती काम कधी संपणार. बगळा म्हणाला, "माझं आजच संपेल असं वाटतं ना ऑफिसात?" आणि त्यानं जीप सुरू केली. त्याच्या मानेवर घाम होता. हात शांतच होते.

जळकी वावरं पुन्हा मागे जायला लागली आणि तिला नवरा दिसायला लागला. आजचा नव्हे, लग्नानंतरचा. तेव्हा तो न सांगता कुठंही जायचा. उशिरा आला आणि कुठे होतास म्हटलं की म्हणायचा, "रस्त्यात." आणि खरंच रस्त्यातच असायचा, कुणाशी तरी बोलत, कुठलं तरी झाड बघत. त्या 'रस्त्यात'वर ती किती चिडायची! रस्त्यात म्हणजे कुठे, कुणाबरोबर, किती वेळ. ती भांडायची नाही, फक्त विचारायची, आणि काही दिवसांनी तेच वेगळ्या तऱ्हेनं विचारायची, धंद्यातल्यासारखं, दोन उत्तरं ताडून बघायला. हळूहळू त्याची उत्तरं लांब झाली. त्यांत रस्त्यांची नावं आली, माणसं आली, मग दुकानांच्या पाट्या आल्या. मग प्रश्नाआधीच यायला लागली. तिला वाटायचं, माणूस सुधारला. ती कुठल्या पर्यायाआधी श्वास घेते हे त्याला केव्हाच कळलं असणार. आता तो खरं सांगतो की खोटं, हे तिला कशावरून कळणार? ताडून बघायला एक तरी कोरी जागा लागते. तिच्या घरात न विचारलेलं असं काही उरलंच नव्हतं. आणि तरीही या विचाराच्या आडून जुनीच शंका डोकं वर काढत होती: पण पांढरी पाटी कुणाची?

वाटेत रेल्वेच्या फाटकापाशी जीप खूप वेळ थांबली. तिनं फोन काढला आणि साहेबांना सरळ शब्दांत लिहिलं की गळती झाली नाही, गाव माझ्या प्रश्नांनी बदललं, सहायकाचा दोष नाही. पाठवायच्या आधी तिनं पाहुण्यांचाही पत्ता वर टाकला. कारण साहेबांना ती ओळखून होती. पाठवल्यावर बोट थोडा वेळ तसंच राहिलं. बगळ्याला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो काहीतरी बोलला असता, आणि त्या बोलण्याकडेही ती तिरक्या नजरेनं बघितल्याशिवाय राहिली नसती.

साहेबांनी तिला बसा म्हटलं नाही. "विचारल्यानं शेती सुधारते होय?" ते म्हणाले. "मग उद्यापासून आपण नुसते विचारत फिरू. बी नको, शिकवणी नको, ही इमारत तरी कशाला?" ती म्हणाली, तेही तपासून बघता येईल. हे चुकून तोंडातून गेलं, थट्टा नव्हती. पण साहेबांना ती थट्टा वाटली. त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली, खाली ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्या बगळ्याची आणि तुमची काही घरची ओळख?" नाही, ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. जीपमध्ये तिनं हे उत्तर तयार करून ठेवलेलं नव्हतं, तरी ते तयार असल्यासारखंच बाहेर पडलं, आणि साहेबांचे डोळे बारीक झाले. तिला ते डोळे ओळखीचे वाटले. रोज आरशात दिसतात तसे. "राहू दे तो," साहेब शेवटी म्हणाले. "पाहुण्यांना कळवलंच आहे तुम्ही, आता त्याला काढून काय करू. पण तुमच्या सगळ्या गावांची फेरतपासणी होईल. दुसरं कुणीतरी जाऊन विचारेल, आणि तुम्हालाही विचारेल. तोवर तुम्ही ऑफिसातच बसा." बाहेर हिशेबनीस बाई बाटली भरत होत्या. बाटली केव्हाच भरून वाहत होती.

घरी जाताना ती बँकेच्या रस्त्यानं गेली नाही. मुद्दाम नाही गेली. एक थांबा आधी उतरली आणि मागच्या गल्लीतून चालत आली, म्हणजे वर मान करून पाटी बघायचा मोह नको. दार उघडलं तर नवरा आलेला होता. दिव्याखाली खुर्चीवर बसला होता, गालाला हात लावून. उजवा गाल सुजला होता, ओठांच्या कोपऱ्यात कापसाचा बोळा दिसत होता. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो वाट बघायला लागला.

ती त्याच्यासमोर बसली. कुठली दाढ, हे तिच्या जिभेवर आलं. मग टोस्ट कसा खाल्लास, हे त्याच्या मागे रांगेत उभं होतं. तिनं ओठ मिटून घेतले. विचारायचं नाही. एक संध्याकाळ, एवढी एक जागा कोरी ठेवायची. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्यांचा नळ सुरू झाला आणि बंद झाला. नवरा चुळबुळायला लागला. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्या चेहऱ्याकडे. आज ही का विचारत नाही, हे त्याला उमगेना आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. ती आठी तिनं आजवर त्याच्या कपाळावर पाहिली नव्हती. ती संशयाची होती.

मग त्यानं कापूस काढून बाजूला ठेवला, खुर्ची दिव्याकडे फिरवली आणि तोंड मोठं उघडून तिच्यापुढे धरलं. आत लाल खड्डा होता. तिनं बघितलं असं वाटेपर्यंत त्यानं तोंड तसंच उघडं ठेवलं, दुखत असूनही. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं. ती मान हलवून पुरे पुरे म्हणत होती, पण तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. त्यानं सदऱ्याच्या खिशातून कागदाची छोटी पुडी काढली, टेबलावर ठेवली आणि काळजीपूर्वक उलगडली. पुडीत दाढ होती. मुळाला रक्त सुकलेलं. डॉक्टरकडून मागून घेऊन, कागदात बांधून, बसमध्ये खिशावर हात ठेवून त्यानं ती घरी आणली होती.

"मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि पुडी तिच्याकडे थोडी सरकवली. पुडी पुन्हा मिटून टाकावी म्हणून तिनं हात पुढे केला. बोटं दाढेपाशी गेली, तिथं थबकली, आणि तिनं ती दाढ दिव्याच्या उजेडात धरून हलकेच उलटी करून पाहिली.